आबांच्या ताटातली सोयाबीनची वडी

केडगाव, रविवार, ८ फेब्रुवारी १९९८

संध्याकाळपासून मन तिथंच घोटाळतंय, आबांच्या ताटाशी. ह्यांच्या हृदयाच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी मटण बंद केलं, तेव्हा मीही सोडलं. खरं सांगू? सोयाबीनच्या वड्या मला आवडू लागल्यात. भिजवून, घट्ट पिळून, भाजक्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजवल्या की सगळा रस्सा ओढून घेतात. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगमध्ये शुक्रवारी उपवासाचं म्हणून मटण नसायचं, तेव्हा मी रुसायची. आता सगळेच वार शुक्रवार, आणि रुसवा कुठं गेला कोण जाणे.

पण आबा, माझे सासरे, ऐंशीचे. सारा जन्म मेंढरांमागे गेलेला. आमच्यात मटणाचा पहिला पीस घरातल्या थोरल्याला वाढतात. दात गेल्यापासून आबा तो शेजारच्या ताटात सरकवायचे आणि रस्सा-भाकरी कुस्करून खायचे. आज मी न सांगताच त्या पीसच्या जागी वडी वाढली. फसवलं का मी त्यांना? ती वडी त्यांनी सरकवली नाही. बराच वेळ चघळत राहिले.

"धनगराला फशिवतीस व्हय गं, पोरी?"

"आबा, राग आला का?"

"न्हाई. मटान न्हाई ह्ये, पन चावाया येतंय." मग ताटाकडे बघत, हळूच, "तुजी सासू शेवटाला नुसता रस्साच प्यायची. तिला कुनी असलं दिलं न्हाई."

मी आणखी दोन वड्या वाढल्या. एक त्यांनी ताटाच्या कडेला काढून ठेवली, आणि जेवण होईपर्यंत तिला हात लावला नाही.