बाबा तुझं नाव घेतात

जुने शहर, अकोला
शनिवार, ४ एप्रिल २०२६

प्रिय आचल,

सप्रेम सलाम. तू, सुगतराव आणि प्रियदर्शनी बरे असाल. इथे ऊन चाळिशीपार गेलं. कूलर बाबांच्या खोलीत लावला, पण गार वाऱ्यानं त्यांचा लुळा हात आखडतो, म्हणून दर तासाला बंद करावा लागतो. त्यांना अर्धांगवायू होऊन या महिन्यात दोन वर्षं झाली. मी शाळेतली नोकरी सोडली त्यालाही तेवढीच. आता त्यांना पाच-सहा शब्दच बोलता येतात.

उद्या ईस्टर. महिला मंडळाच्या बहिणी पहाटेच्या उपासनेसाठी फुलं बांधून राहिल्या. मला कोणी बोलावत नाही. "तू घरी सेवा करते, तेच देवाले पोचते," म्हणतात. चांगल्या मनानं म्हणतात. पण ते ऐकलं की कोणी बाहेरून कडी लावल्यासारखं वाटतं.

गुरुवारी चर्चचे नवे पाळकसाहेब घरी आले. पाय धुण्याच्या उपासनेला बाबांना देवळात नेता येत नाही, म्हणून परात आणि टॉवेल घेऊन तेच आले. सोबत मंडळीतले चौघं. त्यांनी खाली बसून बाबांचे पाय धुतले, पुसले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, की उपवासकाळाचे चाळीस दिवस आपण देवाच्या प्रीतीबद्दल बोललो, ती डोळ्यांनी पाहायची असेल तर या बहिणीकडे पाहा.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "आचल."

पाळकसाहेबांना तू माहीत नाहीस. त्यांनी विचारलं, "काय म्हणून राहिले बाबा?"

"पाणी मागून राहिले," मी म्हटलं.

पाणी आणून पाजलं. बाबा प्याले आणि माझ्याकडे बघत राहिले. शेजारच्या जयवंतामावशी त्या चौघांत होत्या. त्यांना सगळं माहीत आहे. त्यांनी परात उचलून मोरीत नेली.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. फोन केला असता, पण फोनवर मी पुन्हा खोटं बोलले असते.

नाताळात फोनवर तू विचारलंस, "ताई, बाबा माझं नाव तरी घेतात का?" मी म्हटलं, "नाही घेत." आचल, ते रोज घेतात. आजारपणानंतरचा त्यांचा पहिला शब्द तुझं नाव होतं. बौद्ध घरात लग्न केलंस म्हणून ज्यांनी भिंतीवरून तुझा फोटो काढला, तेच बाबा.

वाटलं, खरं सांगितलं तर तू येशील, दोन दिवस बसशील, ते हसतील. मग तू अमरावतीला परत जाशील आणि शौचाचं भांडं उचलायला मीच राहीन. हे एक. दुसरं याहून वाईट. नोकरी गेली, ठरत आलेलं लग्न मोडलं. बाबांना माझ्याशिवाय कोणी नाही, एवढंच माझ्याजवळ उरलं होतं. तेही तुला द्यायला जीव झाला नाही.

काल शुभ शुक्रवारी मावशी बाबांजवळ बसल्या आणि मला देवळात पाठवलं. मी अर्ध्यातून उठून आले. खाटेशी बसून बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, रडतील, डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. माझ्या हातचं जेवले नाहीत, मावशींनी भरवलं. आज सकाळी माझ्या हातून दोन घास घेतले, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

नंतर पाळकसाहेबांनाही सांगून आले. ते म्हणाले, "मले सांगून काय होते, बाई? बहिणीले सांगा."

म्हणून हे पत्र. तू ये. सुगतरावांना आणि पोरीला घेऊन ये. मला माफ करूनच ये असं म्हणत नाही. रागात ये, माझ्याशी बोलू नकोस, पण बाबांजवळ बस. दोन तासांचा तर रस्ता.

तू आलीस की एक दिवस मी घराबाहेर जाणार आहे. कुठे, ते ठरवलेलं नाही. दारात घुटमळले तर तूच मला जा म्हण.

खाली "तुझी ताई" असं दोनदा लिहून खोडलं. ते तू म्हणशील तेव्हा.

गीतांजली