'खाडीपत्रा'ची निरवानिरव

मी, हिरामण कान्हा तांडेल, वय वर्षे चौसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षक, 'खाडीपत्र' या वार्षिकाचा संपादक, मुद्रक, प्रकाशक आणि काही अंकांच्या बाबतीत एकमेव वाचक, राहणार मौजे दांडेवाडी, रेवस बंदराजवळ, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, माझ्या पश्चात भांडणे कमी व्हावीत म्हणून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे, असे अलिबागचे डॉक्टर म्हणतात. शांत आहे, असे ते म्हणाले नाहीत. हृदय दमले आहे, पडून राहा, असा त्यांचा हुकूम आहे. मी दोन ओळी लिहितो, उठून ओसरीच्या टोकापर्यंत जातो आणि परत येऊन तिसरी लिहितो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. असते तर बरे झाले असते, सहाव्या कलमाचा निर्णय त्यानेच घेतला असता.

यापूर्वी केलेली चारही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती. हेही थोडे रागातच आहे, पण शेवटचे आहे.

माझी पत्नी सखुबाई हयात नाही. वारस दोन. मुलगा रघू, माणगावला मालट्रकचा धंदा करतो. मुलगी नलू, सरकारी दवाखान्यात नर्स आहे, अविवाहित.

'खाडीपत्र' म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही (आणि तेच बहुसंख्य आहेत) त्यांच्यासाठी लिहितो. स्वराज्य आले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी हे वार्षिक काढले. आरोग्य, मासेमारी, बाजार, शाळा, या किनाऱ्याचा जो प्रश्न असेल त्याचा इथल्याच माणसांनी नीट अभ्यास करावा आणि मराठीत लिहावा, एवढाच हेतू. नियमही एकच. ज्यांच्यावर लेख आहे त्यांच्यापुढे तो छापण्याआधी मोठ्याने वाचायचा. त्यांनी हरकत घेतली तर ती लेखाच्या शेवटी शब्दशः छापायची. विद्वानांना हा नियम पोरकट वाटतो. वाटो बापडा.

कलम १. राहते घर, ओसरी, मागची पडवी आणि सुकट वाळवायचे अंगण रघू आणि नलू यांना समसमान. पडवीत छापखाना आहे, तो तिथेच राहील. रघूने तिथे ट्रकचे टायर ठेवू नयेत. तो ठेवणार याची मला खात्री आहे, म्हणूनच लिहून ठेवले.

कलम २. पायाने चालवायचे छपाईयंत्र, अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्या, रूळ आणि उरलेली शाई नलूला. पोस्टात जे काही आहे तेही तिलाच, पण कागद विकत घेण्यासाठी. रघूने मागे एकदा भंगारवाल्याला थेट पडवीत आणून उभे केले होते. "आप्पा, लोखंडाला आज भाव हाय," म्हणाला. मी म्हणालो, भाव आला तर बापालाही काढशील. तो हसला. मला त्या दिवशी हसू आले नव्हते, आता लिहिताना येते आहे.

कलम ३. दांडा फिरवून बेरीज-गुणाकार करणारे गणकयंत्र मी मुंबईच्या जुन्या बाजारातून आणले होते. मुंबईत आता खोलीएवढे, विजेवर चालणारे गणकयंत्र आले आहे असे वाचतो. ते बघायचे राहिले याची मला खरीच हळहळ वाटते. माझे हातयंत्र गावच्या शाळेला द्यावे. अट अशी की ते कपाटात कुलूप लावून ठेवायचे नाही. पोरांनी दांडा फिरवावा, मोडले तर मोडू द्यावे.

शाळेवरून आठवले. मासळी सुकवायच्या दिवसांत आमचे वर्ग ओस पडतात आणि सुट्ट्या मात्र शहराच्या सोयीने मिळतात. सुट्ट्या होड्यांच्या हंगामाप्रमाणे द्याव्यात, असा लेख मी पहिल्याच अंकात लिहिला. वरून उत्तर आले, "विचाराधीन." तो विचार अजून चालू आहे. माझ्यामागे तो संपलाच तर मला कळवायचे कष्ट कोणी घेऊ नयेत.

कलम ४. शेजारी भिकू धर्मा नाखवा याच्या होडीतला माझा वाटा त्याचा त्याला परत. होड्यांना इंजिने बसली की किनाऱ्याजवळची मासळी आटेल, असा माझा लेख होता. वाचन झाले तेव्हा भिकू म्हणाला, "मास्तर, तुमी वल्हा मारा, मी लेख लिवतंय." ती हरकत मी छापली. पुढे त्याने इंजिन घ्यायचे ठरवले आणि त्याला भागीदार मिळेना, तेव्हा मीच भागीदार झालो. शेजारी तो शेजारी. लेख चुकला असे मला अजूनही वाटत नाही.

कलम ५. मुंबईचे एक प्राध्यापक. नाव लिहून त्यांना फुकटची प्रसिद्धी देणार नाही. सुक्या मासळीचा भाव व्यापारी रुमालाखाली बोटे दाबून कसा ठरवतात आणि त्यात विकणारी बाई कुठे मार खाते, यावर आम्ही दोन हंगाम बाजारात बसून लेख केला. प्राध्यापक आले, माझ्या घरी जेवले, अंक घेऊन गेले. वर्षाने तोच लेख इंग्रजीत त्यांच्या नावाने आला. तळटीपेत "स्थानिक लोकांचे" आभार होते. त्या अंकाच्या न खपलेल्या सर्व प्रती मी त्यांना देत आहे. रघूने त्या ट्रकमधून त्यांच्या दारात उतरवाव्यात. भाडे त्यांच्याकडून घ्यावे.

इथवर हात सरळ चालला. आता ओसरीच्या फेऱ्या वाढल्या आहेत.

कलम ६. नलूचा लेख. तिने दोन वर्षे रजेच्या दिवशी दांडेवाडीत घरोघर जाऊन हत्तीरोगाची पाहणी केली. किती जणांचे पाय सुजले आहेत आणि ज्यांचे अजून सुजलेले नाहीत त्यांच्यापैकी कितींच्या रक्तात रोग आहे, हे सारे त्यात आहे. सुजलेल्यांत माझा डावा पायही मोजला आहे. आकडा वाईट आहे. लेख छापून जिल्ह्याला गेला की सरकारी पथक गोळ्या घेऊन येईल, तसे तिला सांगण्यात आले आहे. गावाचे नाव असलेली, प्रसिद्ध झालेली पाहणी हवी, त्याशिवाय पथक हलणार नाही.

आषाढात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, सगळे घरी होते, म्हणून तेव्हा वाचन ठेवले. वाचून झाल्यावर नीराबाई उठली. नीराबाई धाकू भगत ही मासळी विकते, आणि ती एकदा बोलली की कोळीवाड्यात दुसरा शब्द निघत नाही. तिची नात काशी हिचे लग्न श्रीवर्धनच्या कोळ्यांत ठरलेले होते.

"नलू, तू वाचलास त्यात खोटा काय न्हाय," ती म्हणाली. "पन हा छापलास तं आमच्या गावची पोर कोन करील?"

नलू म्हणाली, "मावशी, सुजलेला पाय गोलीनं उतरत न्हाय. सुजायच्या आदी द्यावी लागते. आज जी पोरा धावतान, त्यांच्यासाठी हाय हा."

"गोली येल तवा येल. लगना आजच मोरतील. तुजा काय जाताय? तू बिनलग्नाची."

नलूने कागद घडी करून पिशवीत ठेवले. हरकत मी शब्दशः लिहून घेतली. चौदा वर्षांत लोकांनी माझ्या लेखांना शिव्या दिल्या, नावे ठेवली, पण "छापूच नका" असे कोणी म्हटले नव्हते. आणि दोघी खरे बोलत होत्या.

मी गेल्यावर काय होणार ते मला दिसते. नलू दुसऱ्या दिवशी लेख छापेल आणि गावात तिला पाणी मिळणार नाही. किंवा छापणार नाही आणि स्वतःला खात बसेल. म्हणून हे कलम मीच करून जायचे ठरवले आणि चार वेळा लिहून चार वेळा खोडले.

आधी लिहिले, मी मेल्यावर छापावा. खोडले. मेलेल्या माणसाने गावाचा शब्द डावलला तर जाब कोणाला विचारायचा? मग लिहिले, जाळावा. नलूने ते वाचले आणि एवढेच म्हणाली, "जाला. पन शेजारच्या शकूच्या पोराचा पाय सुजंल तवा तिला काय सांगू, तेबी लिवून ठेवा." खोडले. मग लिहिले, गावाचे नाव गाळून छापावा. पण मग पथक कोणत्या गावाला येणार? रघूने माणगावहून निरोप पाठवला, आधी सगळ्या पोरींची लग्ने उरकून घ्या, नंतर छापा. हिशेबी पोर आहे. पण न सांगता दुसऱ्याच्या घरात रोग धाडायचा, हे लिहिलेले माझ्याने ठेववले नाही. चौथ्यांदा खोडले.

गेल्या रविवारी मी नियमाप्रमाणे या मृत्युपत्राचा कच्चा खर्डा ओसरीवर वाचला. त्यात गावाचा संबंध आहे, तेव्हा गावाला हरकतीचा हक्क आहे. सहाव्या कलमाची जागा कोरी होती. "इथे काय लिहू ते तुम्ही सांगा," म्हणालो.

नीराबाई म्हणाली, "मास्तर, एकला आमचाच गाव का मोजलाव? डास काय हितच जलमले? हितली परतेक सून कुठल्या तरी कोलीवाऱ्यातून आलीय. हरेक बाय नलूला आपल्या म्हायेरी नेल. सगला किनारा मोजा नि सगल्यांचा एकदम छापा. मंग कोन कोनाला नाव ठेवनार?"

बायांत कुजबूज झाली. दोघीतिघींनी आपापल्या माहेरांची नावेही घेतली. नलूचा चेहरा उजळला. आईचे माहेर मी स्वतः मोजते, म्हणाली. पण लगेच तिची चलबिचल सुरू झाली. पोर बापावर गेली आहे.

"मावशी, त्याला दोन-तीन वरसा जातील. तवर हितल्या पोरांचा काय?"

यावर नीराबाईने ओसरीखाली खेळणाऱ्या शकूच्या पोराकडे पाहिले. तो चिखलात उड्या मारत होता.

"मंग आपला आदी छापा," ती म्हणाली. "बाकीचा मागून. पन श्रीवर्धनला मी सोता जाऊन सांगतंय. काशीच्या सासरच्यांनी कागदात वाचायच्या आदी माज्या तोंडून आयकला पायजे."

काशी भिंतीशी उभी होती. तिला कोणी विचारले नाही, म्हणून मी विचारले. ती म्हणाली, "आजीसंगती मीबी जातंय."

तेव्हा अखेरचे सहावे कलम असे. नलूचा लेख दांडेवाडीच्या नावासह यंदाच्या अंकात छापावा. माणसांची नावे गाळावीत, फक्त माझे आणि माझ्या पायाचे ठेवावे. आषाढातली हरकत आणि रविवारची हरकत, दोन्ही शेवटी शब्दशः द्याव्यात. त्यानंतर बाकीचे कोळीवाडे मोजावेत. या मृत्युपत्रावर दुसरी साक्षीदार म्हणून नीराबाईने श्रीवर्धनहून परत आल्यावर सही करायची आहे. तिने सही केली नाही तर हे कलम रद्द, आणि तिला कारण विचारायचे नाही. काशीचे लग्न मोडले तर सही मागायचे तोंड मला उरणार नाही, हे आताच लिहून ठेवतो.

कलम ७. माझ्या दिवसांचे जेवण घालू नये. त्या खर्चात डासांच्या डबक्यांवर माती टाकावी.

स्थळ: दांडेवाडी. दिनांक ९ ऑगस्ट १९६२.

सही: हिरामण कान्हा तांडेल

साक्षीदार पहिला: विठोबा बाळू म्हात्रे, 'खाडीपत्रा'चे खिळे जुळवणारा. सही.

साक्षीदार दुसरा: (जागा कोरी)

पुरवणी, दिनांक १२ ऑगस्ट १९६२.

तीन दिवस मी पडून राहिलो नाही, हे डॉक्टरांना कळू नये. पाऊस लागला होता आणि एस.टी.चा भरवसा नव्हता, म्हणून रघूच दोघींना ट्रकमधून माणगाव-म्हसळ्यावरून श्रीवर्धनला घेऊन गेला होता. त्याला कोणी सांगितले नव्हते. आज दुपारी ट्रक दारात थांबला. रघू आत आला नाही, पुढची काच पुसत बाहेरच उभा राहिला. त्यावरून मी समजलो.

नीराबाईने पाणी मागितले. काशीने आणून दिले.

"लगीन मोरला," नीराबाई म्हणाली.

मी म्हणालो, कलम खोडतो. दौत जवळच होती.

"खोडू नका. आयका आदी. काशीचा सासरा पायांवर चादर टाकून बसला व्हता. तोच बोलला, रोगाच्या गावची पोर आमाला नको. उठताना चादर सरकली. दोनी पाय सुजलेले, मास्तर. तुमच्यापरीस मोठे."

काशी उंबऱ्यात उभी राहून सगळे ऐकत होती आणि रडत नव्हती.

"त्या घरात बारकी पोरा हायेत," नीराबाई म्हणाली. "आपला छापून झाला का पयला तोच गाव मोजा. सई कुठं करू ते दाखवा."

साक्षीदार दुसरा: नीराबाई धाकू भगत, राहणार दांडेवाडी. सही.