पाखाडीतले गज

।। श्री रवळनाथ ।।

मार्गशीर्ष व. २, सोम.
मालवणातून आलं: छिन्नी १८०, करवतीचं पातं ६०, सुटं सिमेंट १२०, कापूर ३०. नारळ घरचे.
पालखी अमावास्येला. देवळाच्या पाखाडीच्या पायऱ्यांतले ते तीन लोखंडी गज यंदा काढायचेच. भोई अनवाणी चढतात. आणि गेल्या पालखीला ह्यांची थोरली बहीण, अक्का, मसुऱ्याहून आल्या त्या तिथेच अडखळल्या. मनगट मोडलं. पडल्या जागेवरून ह्यांना म्हणाल्या, "आयेक आधार केलंस, माका आडवो घातलंस." तेव्हापासून भावा-बहिणीत शब्द नाही.

व. ३, मंगळ.
चहाच्या वेळी विषय काढला. सासूबाईंना देवळात चढउतर करता यावी म्हणून ह्यांनीच कठडा केला होता. त्या गेल्या, खाऱ्या वाऱ्याने कठडा खाल्ला, तो कापला, बोटभर खुंट राहिले. ते काढूया म्हटलं तर,
"आयेचो हात लागलेले आसत ते."
चहा अर्धा ठेवून माडात गेले.

व. ५, गुरु.
न विचारता बाबल गवंड्याला बोलावलं. देवा, क्षमा कर. सकाळभर ठोकाठोक, गज तसूभर हलेना. नवी छिन्नी बोथट. बाबल म्हणतो, "वयनी, दादान गज रोवल्यान काय चिऱ्याबरोबर तेंचा लगीन लावल्यान?" हसू आलं, पण हे माडात, आवाज ऐकत असणार.
दुपारी आलेच. मला वाटलं, आता बोलणार. बाबलला म्हणाले, "वडू नको रे. खाली आकडो केलेलो आसा. आये वजनान भारी, गज हलता नये म्हणान. आधी चिरो उचल."
आणि स्वतः खाली बसले. जांभ्याचा चिरा उचलला तर सिमेंटात वाकवलेला आकडा. आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हता. मी आत जाऊन सोलकढी केली, दोघांना दिली.

व. ६, शुक्र.
उरलेले दोन निघाले. चिरे परत बसवले. वरच्या पायरीकडे भिंतीलगत त्या कठड्याचा एक गज अजून पुरा उभा आहे. बाबलने त्याला हात घातला, तर "तो रवांदे. उभो आसा, कोणाच्या पायात येवचो नाय."
सासूबाईंची आठवण म्हणून ठेवतायत, असं मी धरलं.
जेवताना ताटाकडे बघत: "अक्काचा मनगट आता कसा आसा?"
हात धुताना: "तिका चढताना कायतरी धरूक होया."

व. ७, शनि.
अक्कांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून कार्ड टाकलं. मजकूर:
"ती. अक्कांस सा. न. तीन गज काढले. मी अनवाणी चढून पाहिलं, काही लागत नाही. वरचा एक ठेवला आहे, तुम्हाला धरायला. ह्यांनी काल तो खरवडून रंगवला. ते स्वतः लिहायचे नाहीत, तुम्ही ओळखताच. अमावास्येला तिठ्यावर आणायला येतो म्हणतात. मी सुचवलं नव्हतं. येणार ना? कुठच्या बसने, ते उलट टपाली कळवा."