चंचलची मिशी

पुणे, ६ जानेवारी २०२५

ती. कुसुमआत्यास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर मी 'ठीक आहे' म्हणते ते अर्धंच खरं असतं, म्हणून हे पत्र. आव पाडणाऱ्या अमिबाच्या एका एन्झाइमवर माझं काम आहे. त्याचा आकार कळला तर त्याला अडवणारं औषध शोधता येईल. आकार कळायला स्फटिक हवेत. दोन वर्षांत मिळाली फक्त भुकटी. १० फेब्रुवारीला इंदूरच्या क्ष-किरण यंत्रावर माझी पाळी आहे. तोवर स्फटिक नसेल तर सर हे काम दुसऱ्याला देतील.

एक उपाय उरलाय. मांजराची मिशी भुकटीला टेकवून एन्झाइमच्या नव्या थेंबातून ओढायची; तिच्यावरून सुटलेल्या कणाभोवती स्फटिक वाढतो. हसू नकोस, ही खरी पद्धत आहे. आपल्या चंचलची पाठव. उपटू नकोस, गळालेलीच हवी.

तुझी,
सुप्रिया

सौंसर, १८ जानेवारी

चि. सुप्रियास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

एवढी शिकली अन् शेवटी मांजरीच्या मिशीवर आली! तुझा बाप तर दिवसभर हसून राहिला. पण मला उमजलं. मी बागेत संत्र्याच्या कलमाचे डोळे बांधून राहिली. जंबेरी लिंबाच्या खुंटावर नखाएवढा डोळा बसवला की अख्खं झाड त्याच्या वळणावर जाते.

चंचल मजेत आहे. मिशी कागदाच्या घडीत ठेवली. बागेत पहिल्या फुलांचा वास सुटला. दुपारी झाडाखाली जरा पडली की तुझे थेंबच दिसतात, संत्र्याएवढे, उन्हात लटकलेले.

जेवत जा, आठवण ठेवत जा.
तुझी आत्या, कुसुम

पुणे, १३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

तू पाठवलेली मिशी थेंबातून ओढली, आणि नवव्या दिवशी थेंबात कोपरे दिसले, मग कडा. पाण्याचीच बांधलेली वाटावीत अशी लहान घरं तरंगत होती. मी पाहत बसले, नोंद करायची विसरले. इंदूरला पडद्यावर ठिपके उमटले, ओळीत लावलेल्या बागेसारखे. काल त्यांतून आकार वर आला: घड्या पडलेली फीत, आणि मधे एक खळगा, कुणासाठी तरी राखून ठेवलेला. औषध तिथेच बसवायचं. काम माझ्याकडेच राहिलं.

आता एक विचारते. मिशी टोकाकडे निमुळती होते. तू पाठवलेली शेवटपर्यंत सारखीच जाड होती, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एका टोकाला मेंदीचा रंग दिसला. मी ती स्पिरिटने धुतली आणि वापरली. चंचल केव्हापासून घरी आलेली नाही?

प्रयोगाच्या वहीत मला खोटं लिहिता येत नाही. 'मांजराची मिशी' खोडून लिहिलंय: केस, एक. कुसुमआत्या, सौंसर.

असाच जीव लावत राहा.
तुझी,
सुप्रिया