मांडीवर बसलेला अर्धा तास

मी, सिनापाती तुइलोमा, वय वर्षे एकसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार सफोतू, सवाई बेट, सामोआ, आज दुपारी पाद्रीबाबांच्या ओसरीवर बसून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, पाय नाहीत. उद्या सकाळच्या बोटीने पलीकडच्या बेटावर अपियाला जायचं आहे आणि परवा पोटाचं ऑपरेशन आहे. लिहिता लिहिता तीनदा उठून रस्ता बघून आले, तरी अक्षर सांभाळून वाचावे.

कलम १. घराखालची जमीन साऱ्या घराण्याची सामाईक आहे, ती देण्याचा मला अधिकार नाही. घर माझा मुलगा फिलीपो, राहणार ऑकलंड, यास. त्याने वर्षातून एकदा येऊन छप्पर बघावे. ते फोनवरून बघता येत नाही.

कलम २. शिलाईचे यंत्र व कात्र्या चर्चच्या महिला मंडळास. मोठी कात्री मात्र अध्यक्षीणबाईंच्या हाती पडू देऊ नये. त्यांनी एकदा त्या कात्रीने झावळ्या कापल्या होत्या. मी विसरलेले नाही.

कलम ३. आईने चार वर्षे खपून विणलेली तलम चटई माझी थोरली बहीण मोएलागी हिला.

याचा खुलासा करणे भाग आहे. आईच्या अंत्यविधीत रीतीप्रमाणे घरच्या मानाच्या चटया सर्वांसमोर मांडायची वेळ आली तेव्हा ही चटई मी माझ्या गादीखाली दडवली. मला ती हवी होती, दुसरे कारण नाही. ताईला चारचौघांत शेजारणीची चटई उसनी मागावी लागली. तेव्हापासून अकरा वर्षे आम्ही एका चर्चमध्ये गायलो, पण बोललो नाही.

गेल्या महिन्यात बाजाराच्या बसमध्ये चढले तर बस खच्चून भरलेली. आमच्याकडे बसमध्ये कोणी उभं राहत नाही, बसलेल्याच्या मांडीवर बसायचं. रिकामी मांडी एकच होती, ताईची. नाही म्हणायची रीत नाही, तिलाही आणि मलाही. अर्धा तास मी तिच्या मांडीवर खिडकीबाहेर बघत बसले. मग ती मागून म्हणाली, "सिना, एवढी हलकी कधीपासून झालीस?"

"काही हलकीबिलकी नाही."

"तुला कडेवर घेऊन झऱ्यावर कोण न्यायचं? तुझं वजन मला सांगू नकोस."

त्याआधी दोनदा स्वतःचा सैल झालेला झगा मी शिवणीत आत घेतला होता आणि दोन्ही वेळा कापडाला नावं ठेवली होती. चाळीस वर्षे लोकांची मापं घेणारी बाई मी. ताईने इस्पितळापाशीच बसची दोरी ओढली आणि दंडाला धरून मला उतरवलं. पोटात गाठ निघाली. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. ताईशी मी अजून ना आभाराचं बोलले, ना चटईचं.

दुसरा साक्षीदार हवा म्हणून पाद्रीबाबांनी निरोप धाडला होता. कोणाला, ते मला विचारलं नाही. आत्ता ताईच ओसरीच्या पायरीवर उभी आहे. तिने उभ्यानेच सगळं वाचलं आणि लेखणी मागितली.

पाद्रीबाबा म्हणाले, "मोएलागी, ज्याला काही मिळायचं आहे त्याने सही करायची नसते. केलीस तर चटई गेली."

"ठाऊक आहे."

मी म्हटलं, "ताई, ती तुझीच आहे गं. माझं चुकलं."

"मेलेल्या बाईकडून मी चटई घेत नाही. परत ये आणि हातात दे. राहिलेलं भांडण तेव्हा काढू."

तिने सही केली. त्यामुळे कलम ३ रद्द समजावे. चटई गादीखालीच आहे, तिला कोणी हात लावू नये. मी येते आहे.

सही: सिनापाती तुइलोमा
साक्षीदार: १. इओसुआ लेआउपेपे, पाद्री
२. मोएलागी सेमू, थोरली बहीण. उद्याच्या बोटीने मीही जाणार आहे.
स्थळ: सफोतू. मंगळवार, १४ ऑगस्ट २०१८.