वाटूरला दिलेली कॅसेट

७ जानेवारी २००८, सोमवार

बोलू नका म्हणला डॉक्टर. म्हणून हे रजिस्टर काढलं. आमूचं, माझ्या पोरीचं, बारावीचं, केमिस्ट्रीचं. मागची निम्मी पानं कोरीच हायेत.

गळ्यात गाठ हाय हे दिवाळीतच कळल्तं. आज औरंगाबादेत पक्कं सांगितलं — स्वरयंत्र काढावं लागंल. सगळं! ११ फेब्रुवारीला ऑपरेशन. बायको, उषा, रडायला लागली तर डॉक्टर तिला म्हणला, "जीव वाचतोय ना बाई, आवाजाचं काय घेऊन बसलात!" मंग माझ्याकडं बघून म्हणला, "कुणाला काही बोलायचं राह्यलं असंल तर बोलून घ्या."

बिड्या मीच वढल्या. कुणाच्या नावानं बोंब मारू?

बोलायचं एकच राह्यलंय. माझ्या मायला. सतरा वर्सं झाली.

८ जानेवारी

दुकान उघडलं. रिचार्जला येणारी पोरं बोटं दाखवून आकडा सांगून राह्यलेत. अरे, गळा गेलाय माझा, कान न्हाई!

१३ जानेवारी, रविवार

आमू आली जालन्याहून, डी.एड.च्या हॉस्टेलमधून. आल्या आल्या मोबाईल लावला मोठ्यानं. "पप्पा, हे ऐका. रॅप हाय. एकदम नवं." ऐकलं. कुणीतरी गडी आपली गाडी सांगतोय, आपला चष्मा सांगतोय, मागं मशीन धाड धाड. मी घोगऱ्या आवाजात म्हणलं, "बंद कर ते. हे गाणं हाय का? गाडीची जाहिरात हाय." पोरगी गप बसती का! "आन् तुमच्या कॅसेटीतलं काय व्हतं? एकच ठोका, एकच ठोका. म्हाताऱ्यांचं रॅप!"

मी एक्केचाळीसचा हाय. म्हातारा!

तिला काय माहीत. अठ्ठ्याऐंशी साली कॉलेजात खोलीतल्या पोरानं मुंबईच्या फुटपाथवरून एक कॅसेट आणल्ती. कॉपीची कॉपी, नाव ना गाव, गाण्यापेक्षा खरखर जास्त. अमेरिकेतली काळी पोरं. गात नव्हतीच — बोलत व्हती, ठोक्यावर, दम न घेता. मला एक शब्द कळत नव्हता. राग मात्र बराबर कळत व्हता. बी.ए. नापास होऊन मंठ्याला आलो, 'देवानंद रेकॉर्डिंग सेंटर' टाकलं. लोक गाण्यांची यादी आणून द्यायचे, मी कॅसेट भरून द्यायचो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तीच एक कॅसेट. ऐकता ऐकता माझं मराठीत सुरू झालं. बोलगाणं नाव ठेवलं त्याला.

बा एकदा दुकानाच्या दारात उभा राहून ऐकत व्हता. माझा बा पुंजाराम — जलशाचा शाहीर. भोकरदनपर्यंत लोक बोलवायचे त्याला. खाली बसला न्हाई, आत आला न्हाई. म्हणला, "हे गाणं न्हाई देवा. भांडण हाय." महिनाभर मी बोललो नव्हतो त्याच्याशी.

आन् आज मी आमूला तेच म्हणलो. शब्द तेवढे दुसरे.

१४ जानेवारी

काढलीच कॅसेट. म्हणलं आवाज जायच्या आत पोरीनं एकदा ऐकावं, तिचा बाप काय व्हता ते. एक्क्याण्णवची, माझ्या आवाजातली. जुना डेक पुसला, लावला.

"पाणी कुणाचं? सांग! विहीर कुणाची? सांग! दोर माझा, घागर माझी, तहान कुणाची? सांग!"

आमू हसली. "पप्पा, किती वरडून राह्यलात! टेलरच्या दुकानातलं मशीन चालल्यासारखं वाटतंय." पण पायाचा अंगठा हालत व्हता तिचा. मी बघितलं!

दुसरं गाणं सुरू झालं आन् डेकनं कॅसेट खाल्ली. आत गुंडाळा झाला. पेन्सिलीनं सोडवायला गेलो तर तीन तुकडे. रागारागात तुकडे नेऊन चुलीत टाकले. उषा वरडली, घरभर वास सुटला म्हणून.

तेवढ्यात माय आली. तिला ऐकू येत न्हाई, कानाशी वरडावं लागतं. पण माझ्या हातातलं रिकामं कव्हर दिसलं तिला. केवढा चेहरा उजळला! "कडूबाच्या घरून आली का रं क्यासेट? दिली म्हण शेवटाला!"

मी मान हालवली. न्हाई. माय बडबडत गेली — मुडद्यानं नेली, मुडद्याबरोबर गेली.

आमू विचारते, "कोणती कॅसेट, पप्पा?"

१९ जानेवारी

लिहूनच टाकतो. इथं कोण वाचतंय.

एक्क्याऐंशीला वाटूरला बाचा जलसा झाला व्हता. तिथल्या एका मास्तरनं टेपवर धरला. तेवढी एकच कॅसेट. बाचा आवाज दुसरा कुठंच न्हाई. बानं स्वतः चाकूच्या टोकानं कॅसेटीच्या मागच्या दोन पत्त्या मोडल्या. त्या मोडल्या की वरून दुसरं काही भरता येत न्हाई. मीच शिकवल्तं त्याला, नंतर, दुकान टाकल्यावर. आन् त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की परत भरता येतं, हे बी मलाच माहीत.

एक्क्याण्णवचा एप्रिल. जयंती तोंडावर. मंडळ म्हणलं, संध्याकाळपर्यंत कॅसेट आणून दे, ऐकून ठरवू तुला स्टेजवर घ्यायचं का. दुकानात एक कोरी कॅसेट न्हाई — जयंतीच्या गाण्यांना सगळ्या संपलेल्या. जालन्याला जाऊन यायचं तर दिवस जातो. ट्रंकेतली बाची कॅसेट काढली. दोन चिकटपट्ट्या लावल्या. डोक्यात काय व्हतं ते बी लिहितो — बाचं आता ऐकतंय कोण?

एका बाजूला माझी चार गाणी. दुसऱ्या बाजूला ती अमेरिकेची. सोमवारी चुलीत टाकली ती हीच. शेवटचं गाणं संपलं की बटन दाबलं. वाजवून बघायला वेळच नव्हता. जल्दीच्या बटनावर अख्ख्या कॅसेटीच्या दोन कॉप्या काढल्या. एक मंडळाला. एक वाटूरच्या कडूबाकाकाला. ढोलकीवाला तो, बाच्या जलशातला. सगळ्या म्हाताऱ्यांत त्या एकट्यालाच माझं बोलगाणं आवडल्तं. म्हणला, "ठेका हाय पोरा तुझ्यात. मला बी दे एक."

आठ दिवसांनी बानं ट्रंक उघडली. "देवा, माझी कॅसेट?" त्याच आठवड्यात जे नाव लिहून कॉपी दिल्ती, तेच तोंडावर आलं — "कडूबाकाका घेऊन गेला."

बस. एवढंच बोललो.

२० जानेवारी

काल पूर्ण झालं न्हाई. उरलेलं.

माय आन् मी वाटूरला गेल्तो कॅसेट मागायला. नको म्हणता येईना मला. कडूबाकाका ढोलकीला शाई लावत बसला व्हता. माय म्हणली, "आमची क्यासेट दे." त्यानं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. मंग म्हणला, "वैनी, तुमची कॅसेट न्हाई माझ्याकडं." माय तिथंच चोर म्हणली त्याला, त्याच्या बायकोसमोर. झुंबरबाई पाणी घेऊन आली व्हती, तशीच तांब्या धरून उभी.

बानं त्याला परत बोलावलं न्हाई. दुसरा ढोलकीवाला जमला न्हाई. जलसा बंद पडला. सहा वर्सं बा नुसता बाजेवर बसून व्हता, सत्त्याण्णवला गेला. दोन हजार पाचला कडूबाकाका गेला. माय मातीला गेली न्हाई. मी गेलो. मागं उभा राह्यलो.

माय अजून वाटूरकडं कुणी चाललं की निरोप धाडते, क्यासेट द्या म्हणावं. मालकाचा आवाज एकदा ऐकायचाय म्हणते. ऐकू येत न्हाई तिला, तरी!

२७ जानेवारी, रविवार

आमूनं दुसरा धडा शिकवला. माझी ती अमेरिकेची जुनी कॅसेट हॉस्टेलला घेऊन गेल्ती. इंग्रजी बरं असलेल्या मैत्रिणीकडून उतरवून घेतली. "पप्पा, पहिल्या तीन गाण्यांत तो माणूस आपली गाडी आन् सोन्याची साखळी सांगून राह्यलाय."

वीस वर्सं मी समजत व्हतो, पाण्यासाठी भांडतोय बिचारा!

माझं तोंड बघून तिलाच वाईट वाटलं असंल. म्हणली, "चौथं पोलिसावर हाय. ते भारी हाय." चौथं मलाच कधी आवडलं न्हाई.

३ फेब्रुवारी

मायजवळ बसलो. सांगायचंच ठरवून. नुसती हवा निघते गळ्यातून. मायच्या कानाशी वरडल्याशिवाय तिला कळत न्हाई आन् मला वरडता येत न्हाई. ती म्हणली, "काय रं? चहा पायजे?"

मान हालवली. चहा आला.

८ फेब्रुवारी

परत न्हाई जमलं. खरं सांगायचं तर गळ्यावर ढकलून राह्यलोय. गळा ठणठणीत व्हता तेव्हा सोळा वर्सं काय केलं?

१० फेब्रुवारी, रविवार

आमू म्हणते, मोबाईलमध्ये काहीतरी बोला, ठेवून घेते. काय बोलू? "नको, सिनेमातली नाटकं हायेत ही" म्हणलो. ती रडली. मला असं म्हणायचं नव्हतं. हे शेवटचं वाक्य बोललो का काय मी पोरीला!

२ मार्च

घरी आणलं. गळ्याला भोक. त्यातूनच श्वास, त्यातूनच खोकला. आरसा उषानं काढून ठेवलाय. शिंक आली तरी आवाज न्हाई.

मायनं भोकाकडं बघितलं, डोक्यावरून हात फिरवला. म्हणली, "तुझ्या बाची क्यासेट असती तर तुला ऐकवली असती. बरं वाटलं असतं तुला."

९ मार्च

पाटी आणल्यात दोन. उषाला लिहून दाखवतो, मीठ कमी हाय, पाणी दे. मायला पाटी दाखवून उपयोग न्हाई. अंगठा हाय ती.

१६ मार्च, रविवार

झालं.

मायसाठी दोन पानं लिहिली आन् आमूच्या हातात दिली. दुसरा रस्ताच न्हाई. माय ओट्यावर ऊन खात बसली व्हती. आमू कानाशी बसून वाचायला लागली. "काय?" माय म्हणली. आमूनं आवाज वाढवला. "काय? मोठ्यानं!" मंग आमू वरडूनच वाचायला लागली — चिकटपट्टी, माझी गाणी, कडूबाकाकाचं नाव खोटं घेतलं, सगळं. समोरची गोजरबाई सूप घेऊन बाहेर आली. पोरं थांबली. अर्धी गल्ली उभी. "बाचं आता ऐकतंय कोण" ह्या ओळीला आमू अडली. माझ्याकडं बघितलं. मी मान हालवली, वाच. तिनं ते बी वरडून वाचलं.

सतरा वर्सांपूर्वी बंद खोलीत दोन मिनिटांत सांगता आलं असतं.

माय म्हणली, "परत वाच." आमूनं परत वाचलं. मायनं तिसऱ्यांदा सांगितलं न्हाई. उठली, आत गेली, माझ्याकडं पाठ करून बसली. जेवली न्हाई. मी पाया पडायला गेलो तर पाय वढून घेतले.

शरमेनं मेलो असतो तर बरं झालं असतं!

१७ मार्च

माय घरात न्हाई. उषा सांगते, पहिल्या गाडीनं वाटूरला गेली. एकटी. झुंबरबाईकडं. चप्पल बी घातली न्हाई.

१८ मार्च

माय आली. पदराच्या गाठीत कॅसेट. वर माझंच अक्षर, "कडूबाकाकांना — देवानंद, एप्रिल १९९१". आमूनं डेकचं हेड स्पिरिटनं पुसलं, लावली. माझी चार गाणी झाली. सवयीनं बटनाकडं हात गेला, तो आमूनं धरला. खट् वाजलं. मंग ढोलकी आन् बाचा आवाज! तेवढी पट्टी माझ्या गाण्यांखाली पुसायची राह्यल्ती. जलशाचं शेवटचं कडवं, आन् उठता उठता नावं घेतात तसं — "ढोलकीवर वाटूरचे कडूबा. हा माझा उजवा हात हाय, मंडळी." संपली.

माय डेकला कान लावून बसली व्हती. आमू म्हणली, "आज्याचं तुमच्यापेक्षा भारी हाय, पप्पा."

झुंबरबाईनं मायला सांगितलं, मालक दर जयंतीला ही लावायचे, पार टेप संपेपर्यंत. म्हंजी कडूबाकाकाला पहिल्या दिवसापासून माहीत व्हतं. चौदा वर्सं चोर म्हणवून घेतलं. माझं नाव सांगितलं न्हाई.