दुपारचीच तुटणारी लाइन

३ मार्च
पुन्हा तुटली! भाऊजींचा फोन — "वहिनी, ताई आजही मधूनमधून गायब. या महिन्यात सुरळीत झालं नाही, तर त्यांना म्हणावं ऑफिसात येऊन बसा. नाहीतर मी दुसरं माणूस बघतो."
धाकटे दीर आहेत माझे, पण खोक्यांच्या कारखान्यात पाऊल टाकलं की नुसते मालक! ड्रॉइंगवाल्या ताई घरून ऑफिसातला कॉम्प्युटर चालवतात, पुठ्ठ्याच्या खोक्यांचे आराखडे काढतात. येऊन बसणार कशा? नवरा अंथरुणाला खिळलेला. नोकरी गेली तर खाणार काय? आणि कारखान्याचे कॉम्प्युटर बघते मी. म्हणजे खापर माझ्याच डोक्यावर.

४ मार्च
राउटर बदलला. वायर बदलली. कॉम्प्युटर मध्येच झोपी जातो का पाहिलं — छे, टक्क जागा! दुपारी तुटलीच.

६ मार्च
गंमत अशी की सकाळी कधी तुटत नाही. संध्याकाळीही नाही. जेवणं झाली की मात्र सुरू! नेट खराब असतं तर कधीही गेलं असतं. हे जातंय ते वेळ बघून. असं का?
ताईंना विचारलं, पडद्यावर काय येतं? "येतं काहीतरी इंग्रजीत. मी बंद करते." धन्य! चिडणार होते, पण मागून त्यांच्या नवऱ्याने पाणी मागितलेलं ऐकू आलं. म्हटलं, द्या आधी पाणी.
डोक्यात नुसता भुंगा. भाजी करपली.

९ मार्च
सापडलं!! ताईंना म्हटलं, आज दुपारी तुम्ही लाइनवर येऊ नका, मी बसते. ऑफिसात त्याच कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. आता मध्ये नेटच नाही, तुटणार काय कपाळ? — आणि पडदा माझ्याच तोंडावर बंद! म्हणजे लाइन तुटत नाहीये. दुसरं कोणीतरी आत येतंय, आणि आधीच्याला बाहेर काढतंय.
हा कॉम्प्युटर आधी बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. कारखाना त्यांनीच उभा केला. भाऊजींनी त्यांना "आता आराम करा" म्हणून घरी बसवलं, पण कॉम्प्युटरवरून त्यांचं नाव काढायला कोणाचा हात धजावला नाही. ताईंना तेच नाव दिलं, तोच पासवर्ड. आणि एका नावाने एका वेळी एकच माणूस आत!
आलेला कुठून आला ते बघितलं. आमच्याच घरचं नेट. काखेत कळसा!

१० मार्च
बाबांच्या खोलीत गेले. मांडीवर लॅपटॉप, दार अर्धवट लोटलेलं.
"मी काही करत नाही गं. नुसतं बघतो, सगळं जागेवर आहे ना." वर मलाच — "पण सारखं मला बाहेर ढकलतं. तुझं ते नेट बघ जरा!"
हसू की रडू? दोघंही रोज एकमेकांना बाहेर काढत बसलेत, आणि दोघंही नेटला शिव्या घालतायत!
फार वाईट वाटलं मला. माणूस आपल्याच कारखान्यात चोरासारखा शिरतो.

११ मार्च
बाबांना दुसऱ्या रिकाम्या कॉम्प्युटरवर फक्त बघण्यापुरतं वेगळं खातं उघडून दिलं. पाहा म्हटलं हवं तेवढं. भाऊजींना चकार शब्द बोलले नाही. "राउटरच होता," दिलं ठोकून.

१३ मार्च
एकदाही तुटली नाही! भाऊजी खूश. "वहिनी, मानलं तुम्हाला." ताई राहिल्या! मी आज भलतीच मिजाशीत आहे.

१६ मार्च
ताईंचा फोन. आवाज अगदी खाली.
"वहिनी, आज माझ्या खोक्याचं झाकणच बसेना. साहेब म्हणाले, असं परत झालं तर बघा. आधी कसं, लाइन जायची, आणि परत येईपर्यंत माझी चुकलेली मापं कोणीतरी नीट करून ठेवायचं... दुपारी थोडा वेळ तुटू द्या ना."